पहिल्याच वर्षी लीज नको

अरे, बदकांच्या शिकारीसाठी खासगी तळं लीजवर, म्हणजे भाड्याने घ्यावं का विचारतोस, तर लगेच त्यात पैसे अडकवू नकोस. आमच्या गटाचं तळं असंच गेलं. भाडं दरवर्षी चढत गेलं आणि शेवटी मालकाला जास्त देणारा भेटला. फार जीव होता त्या तळ्यावर. तू कॅन्ससमध्येच आहेस, तर शेयेन बॉटम्सच्या सार्वजनिक पाणथळीपासून सुरुवात कर. शिवाय राज्य सरकार शेतकऱ्यांच्या जमिनी भाड्याने घेऊन शिकाऱ्यांना पायी जायला खुल्या करतं, त्यांचे नकाशे बघ. सीझनआधी नुसती दुर्बीण घेऊन दोन-तीन चकरा मार. २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्र सरकारचं तिकीट) काढ, त्यातूनच पाणथळी राखल्या जातात. बदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून अमेरिकाभर बंद आहेत. पहाटे गुडघाभर चिखलातून जाताना पुढे कुणाचा टॉर्च लुकलुकला, तर निमूट दुसरीकडे वळ.