सॅम्युएल या नावाचा खरा अर्थ कोणता, ‘देवाने ऐकले’ की ‘देवाचे नाव’? आणि हे नाव आणखी कोणाकोणाचे होते?

मुलाचं नाव ठेवायचंय आणि प्रत्येक संकेतस्थळ वेगळा अर्थ सांगतंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर ‘देवाचे नाव’, किंवा ‘त्याचे नाव एल (देव)’. हिब्रूत हे नाव ‘शमुएल’ असं उच्चारतात, आपल्या मराठी बायबलात ‘शमुवेल’ छापतात. ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव.

‘ऐकले’ हा अर्थ अडतो तो एका अक्षरावर. ऐकणे हा धातू ‘शामा’, त्याच्या शेवटी ‘आयिन’ हे अक्षर असतं. शमुएलमध्ये ते नाहीच. ते आहे अब्राहमच्या मुलाच्या, इश्माएलच्या नावात, आणि ‘देव ऐकतो’ हा अर्थ खरा त्याचा.

गंमत म्हणजे बायबल तिसरंच काही सांगतं. मूल होत नाही म्हणून हन्ना शिलोच्या मंदिरात रडून नवस बोलते. मुलगा झाल्यावर ‘मी याला परमेश्वराकडे मागितलं’ म्हणून त्याचं नाव शमुएल ठेवते. पण मागणे म्हणजे ‘शाअल’, आणि त्यापासून नाव बनतं ‘शाऊल’, म्हणजे इस्राएलच्या पहिल्या राजाचं! त्याच अध्यायाच्या शेवटी मुलाला देवाच्या स्वाधीन करताना हन्नाच्या तोंडी अक्षरशः ‘शाऊल’ हाच शब्द येतो. ही जन्मकथा मुळात शाऊलची असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. पुढे संदेष्टा होऊन याच शमुएलने शाऊलला राजा म्हणून अभिषेक करायचा आहे, मग त्याला झिडकारून दावीदाला. लेखक त्याची चाहूल आधीच देतोय असं मला वाटतं. शिवाय बायबलातल्या अशा व्युत्पत्ती म्हणजे ‘पुत् नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र’ या जातीच्या. त्यांत व्याकरण शोधू नये.

तरी ‘ऐकणे’ नावाला चिकटलं, यात नवल नाही. रात्री हाक येते, पोरगं तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतं, चौथ्या वेळी म्हणतं, बोल, तुझा सेवक ऐकतोय. म्हणजे कथेत ऐकणारा शमुएलच. (त्याच्या नावाचे दोन ग्रंथ आहेत, पण पहिल्याच्या पंचविसाव्या अध्यायात तो वारतो. दुसऱ्यात त्याचा पत्ताच नाही.)

बायबलात आणखी दोन शमुएल आहेत, पण यादीपुरतेच. नंतरचे मात्र तालेवार. तिसऱ्या शतकात बाबिलोनियातल्या नहरदेआचा मार शमुएल हा धर्मशास्त्री आणि ज्योतिर्विद होता. ‘राज्याचा कायदा तोच कायदा’ हे ज्यू धर्मशास्त्रातलं सूत्र त्याचंच. आकाशाच्या वाटा मला नहरदेआच्या गल्ल्यांइतक्या ओळखीच्या आहेत, असंही तो म्हणे! अकराव्या शतकात शमुएल हानागिद हा हिब्रू कवी ग्रानादाच्या मुस्लिम राजाचा वजीर होता. 1966 च्या साहित्याच्या नोबेलमध्ये नेली झाक्स यांच्याबरोबर वाटेकरी होते हिब्रू लेखक श्मुएल योसेफ अग्नोन.

आपल्याकडचा शमुएल विसरू नका. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) 1796 मध्ये बांधणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, गृहस्थ सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. घरगुती नाव सामाजी हासाजी! कोकणात शमुएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी व्हायचा. हे सिनेगॉग मांडवीत आहे, रस्त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट. सिनेगॉगलाही मशीदच म्हणत, म्हणून जवळच्या मस्जिद स्टेशनाचं नावही या सिनेगॉगवरून पडल्याचं सांगतात.

तुम्हाला ‘देवाने ऐकलं’ हाच अर्थ हवा असेल, तर शिमोन बघा. बायबलात याकोबाच्या बायकोने, लेआने ‘परमेश्वराने ऐकलं’ म्हणून आपल्या मुलाचं ते नाव ठेवलं. किंवा एलिशामा, हे मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या आजोबांचं नाव. दोन्हींत आयिन आहे.