कोविडच्या काळात माणसं कमी असलेल्या वृद्धाश्रमात काम करणं कसं होतं?

एप्रिल-मे 2021 मध्ये मी बेळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात होतो. अठ्ठावीस आजी-आजोबा आणि आम्ही तिघं. एरवी सात जण असायचो. दोन मावशी महाराष्ट्रातल्या चंदगडकडून, सीमेवरच्या शिनोळीमार्गे यायच्या. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर निगेटिव्ह लागायला लागला आणि त्या पलीकडेच अडकल्या. बाकीचे स्वतःच आजारी.

सगळ्यात फसवं काय, तर म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. एक आज्जी नुसत्या जेवेनात, आणि मला मुलगा समजून कन्नडात बोलायला लागल्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन 88 टक्के! तेव्हापासून कुणी ताट सरकवलं, बरळलं, तोल गेला की आधी बोट पुढे. 94 च्या खाली दिसलं की डॉक्टरांना फोन.

खोल्या वाटून घेतल्या, एकाने दुसऱ्याच्या खोलीत जायचं नाही. रात्री मात्र एकटाच. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मास्कमुळे बहिऱ्यांना ओठ दिसेनात, मग पाटी-पेन्सिल आणली.

ज्यादा पगाराचं म्हणाल तर अजून वाटच बघतोय.