सोलरची कॉइल आपोआप का लागते? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या घरावर २०० लिटरचा सोलर आहे. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून टाकीत २ किलोवॉटची कॉइल बसवलीय आणि ती स्मार्ट थर्मोस्टॅटवर चालते. पाणी ५५ अंशांवर ठेवायचं, ५० पर्यंत उतरलं की कॉइल लागावी, असं सेटिंग आहे. पाऊस सुरू झाल्यापासून नळाला कढत पाणी येत असतानाही कॉइल लागते. कधी दुपारी, कधी मध्यरात्री. थर्मोस्टॅट नवीन आणला, तरी तेच. *(टिळकवाडी, बेळगाव)*

उत्तर : थर्मोस्टॅट बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे त्याला मिळणारी माहितीच चुकीची आहे. टाकीतला सेन्सर किंवा गच्चीवरून खाली आलेली त्याची वायर तपासा. आमचा पहिला संशय वायरीच्या जोडावर आहे.

या थर्मोस्टॅटसोबत बहुधा १० किलोओहमचा एनटीसी सेन्सर येतो. पाणी जितकं गरम, तितका त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी. २५ अंशांना १० किलोओहम, ४० ला साधारण ५.३, ५० ला ३.६, ५५ ला ३ आणि ६० ला २.५. आता गच्चीवरचा जोड डोळ्यांपुढे आणा. तारा नुसत्या पिळलेल्या, वरून काळी टेप. आपल्याकडच्या पावसात टेपेचा डिंक सुटतो, पाणी आत झिरपतं आणि तांब्यावर हिरवट कळंक चढतो. त्या कळंकाने तारेच्या वाटेत १ किलोओहम रोध वाढला, तर ६० अंशांच्या पाण्याचा आकडा २.५ ऐवजी ३.५ येतो. थर्मोस्टॅट त्याचा अर्थ सुमारे ५० अंश असा लावतो आणि कॉइल लावतो. त्याच्या परीने तो बरोबरच वागतोय.

पुढे आणखी एक गोष्ट घडते. अशा जोडातून थर्मोस्टॅटला ५५ दिसायला पाणी प्रत्यक्षात ६६ अंशांपर्यंत तापावं लागतं. कॉइलच्या बुडाशी तिचा स्वतःचा फिरकीचा थर्मोस्टॅट असतो. तो ६० वर लावला असेल, तर तिथेच करंट तोडतो. मग अॅपवर ‘हीटिंग’ तासन् तास दिसत राहतं, पण कॉइल बंद असते. खरं काय ते मीटरवरचा लुकलुकणारा दिवा सांगतो. घरातलं बाकी सगळं बंद करा. मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक (imp/kWh) लिहिलं असेल, तर २ किलोवॉटची कॉइल चालू असताना दिवा मिनिटाला सुमारे १०७ वेळा लुकलुकतो. १६०० लिहिलं असेल तर त्याच्या निम्मा. बुडाचा हा थर्मोस्टॅट ‘आता स्मार्ट आहे ना’ म्हणून कुणी वायरमन काढायला निघाला, तर काढू देऊ नका. शेवटचा आधार तोच आहे.

तपासणी कोरड्या दिवशी करा. कॉइलचा एमसीबी (बोर्डवरचा सुरक्षा स्विच) पाडा, टेस्टरने खात्री करा. थर्मोस्टॅटमधून सेन्सरच्या दोन तारा सोडवा आणि मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून रोध मोजा. मग गच्चीवर जोड तोडून थेट सेन्सरच्या टोकांवर पुन्हा मोजा. खाली ३.५ आणि वर २.५ आलं, तर दोषी जोड किंवा वायर. दोन्हीकडे सारखंच आलं, तर सेन्सर खिशातून (टाकीतली तो बसवायची नळी) अर्धवट बाहेर आलाय का ते पाहा. तो खिशात टेकेपर्यंत आत हवा. टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली राहतं. त्यामुळे सेन्सर खालच्या खिशात असेल, तर संध्याकाळी चार बादल्या काढल्या की त्याला लगेच गारठा लागतो.

जोड दुरुस्त करताना तांबं लखलखीत दिसेपर्यंत दोन्ही टोकं कापा. डाग द्या (सोल्डर करा), आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि जोड झाकणाच्या बंद डबीत ठेवा. वायर डबीत खालून शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला खाली झोल हवा, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातील. सेन्सरची वायर कॉइलच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. आकडे नाचतात.

प्रश्न : पहाटे ५ चा टायमर लावलाय. राउटर बदलून अॅप पुन्हा जोडल्यापासून गिझर पहाटे लागतच नाही, रोज सकाळी साडेदहाला लागतो. *(निपाणी)*

उत्तर : साडेदहा या वेळेतच उत्तर आहे. तुमचं यंत्र ग्रिनिचच्या वेळेवर गेलंय. तिथे ५ वाजतात तेव्हा आपल्याकडे १०.३० होतात. अॅपमध्ये टाइम झोन ‘कोलकाता’ म्हणजे +५.३० करा. जुने टायमर पुसून नव्याने लावा, कारण काही यंत्रं आधीचे टायमर जुन्याच वेळेने धरून ठेवतात. तिथेच ‘लाइट परत आल्यावर काय करावं’ असं सेटिंग असतं. ते ‘बंद’ ठेवा. ‘आधी होतं तसं’ ठेवलं आणि गिझर चालू असताना लाइट गेली, तर ती परत येताच गिझर लागतो, मग घरात कुणी असो वा नसो.

प्रश्न : मुलाने इंग्लंडहून तिथल्या बॉयलरचा स्मार्ट थर्मोस्टॅट आणलाय. गिझरला जोडला. थंडीत पहाटे गिझर आपोआप लागायचा, आता तर अॅपवर बंद केला तरी थांबत नाही. *(खानापूर)*

उत्तर : आधी एमसीबी पाडा आणि दुरुस्तीपर्यंत तो उचलू नका. तिथला थर्मोस्टॅट खोलीतल्या हवेचं तापमान मोजतो, पाण्याचं नाही. तो २० अंशांवर लावलेला असेल आणि तुमच्या खोलीत पहाटे त्याहून गारवा असेल, तर तो गिझर लावणारच. शिवाय तिकडे त्याचं काम बॉयलरला ‘लाग’ किंवा ‘थांब’ एवढी सूचना देण्याचं असतं. म्हणून त्याच्या आतला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) अनेकदा काही अँपियरपुरताच असतो, नेमका आकडा मागच्या पट्टीवर छापलेला सापडेल. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर ओढतो. तेवढ्या भाराने रिलेचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात, आणि मग अॅपवरून कितीही बंद केलं तरी करंट चालूच राहतो. हा रिले आता टाकाऊ समजा. गिझरसाठी पाण्याचं तापमान मोजणारा कंट्रोलरच घ्या आणि त्याच्या रिलेने २५ अँपियरचा कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) चालवा, म्हणजे गिझरचा भार कॉन्टॅक्टरवर पडेल. लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर तोही याच फेरीत बसवून घ्या.