बूस्टर नऊ दिवस चुकला, कुत्री तीन महिने अडकली

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ताईंना जर्मनीत नोकरी लागली आहे. १ जुलैला रुजू व्हायचं, तिकीट २४ जूनचं, फ्रँकफर्टपर्यंत. सोबत न्यायची आहे पाच वर्षांची देशी कुत्री, भुरी. चिप बसवलेली, रेबीजची लस दिलेली, टायटर टेस्टचा (रक्तातली रेबीजविरोधी प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट गेल्या वर्षीच हातात आलेला. सगळं झालंय असं समजून त्या निर्धास्त होत्या. परवा प्राणी परदेशी पाठवण्याचं काम बघणाऱ्या एजंटने फाइल चाळली आणि म्हणाला, "मॅडम, हे चालणार नाही." आता त्या विचारतात: तिथे उतरल्यावर क्वारंटाईनमध्ये ठेवू, खर्च आमचा, असं करता येईल का? डॉक्टर ओळखीचे आहेत, पुस्तिकेवरची तारीख बदलून देतो म्हणतात, ते चालेल का? मी पुढे गेले आणि भावाने नंतर आणली तर? आणि एजंटवर केस करता येईल का?

दर मे महिन्यात असे प्रश्न येतात. मे महिन्यातच का येतात, तेवढं मात्र कोणी मला विचारत नाही.

ताई, तुम्ही कागदांचे सतरा फोटो पाठवलेत. त्यातला एकच कामाचा आहे, लसीकरण पुस्तिकेच्या पानाचा. वरचं स्टिकर गेल्या वर्षीच्या १० फेब्रुवारीचं. खाली यंदाचं, १९ फेब्रुवारीचं. दोघांच्या मध्ये बोटभर कोरी जागा आहे. तुमची सगळी केस त्या कोऱ्या जागेत आहे.

पहिल्या लसीची मुदत वर्षाची धरली, तर ती यंदाच्या ९ फेब्रुवारीला संपली. १० ते १८ फेब्रुवारी असे नऊ दिवस भुरीला कायद्याच्या दृष्टीने रेबीजची लसच नव्हती. तिच्या अंगात प्रतिकारशक्ती होती का? बहुधा होती. पण सीमेवरचा अधिकारी अंग तपासत नाही, तारखा तपासतो. आधीच्या लसीची मुदत संपायच्या आत पुढची लस पडली असेल तरच तो तिला बूस्टर मानतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती 'पहिली लस' ठरते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आता टायटरचं. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्या यादीत भारत नाही. म्हणून इथून जाणाऱ्या कुत्र्याचं रक्त, लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी, युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावं लागतं. त्यात दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडं निघावी लागतात, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटल्याशिवाय प्रवेश नाही. ही टेस्ट एकदा पास झाली की जन्मभर चालते, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं ते खरंच आहे. फक्त त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग सांगणारा विसरला: चालते, पण बूस्टरमध्ये खंड पडला नाही तर. तुमचा रिपोर्ट २.४ चा आहे, म्हणजे गरजेच्या जवळजवळ पाचपट. त्याचं आता काही मोल उरलेलं नाही.

इथे एक फट आहे आणि ती आधी तपासा, कारण ती निघाली तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही. लसीची मुदत पुस्तिकेत निळ्या शाईत लिहिलेल्या 'पुढची तारीख' वरून ठरत नाही. ज्या देशात लस दिली तिथे त्या लसीला परवाना देताना जी मुदत मंजूर झाली, त्यावरून ठरते. काही लसी वर्षाच्या असतात, काही तीन वर्षांच्या. पुष्कळ डॉक्टर सवयीने सरसकट 'एक वर्षाने' असं लिहितात. गेल्या वर्षीच्या स्टिकरवर लसीचं नाव आणि बॅच नंबर आहे, फोटोत अर्धा कापला गेलाय. डॉक्टरांकडून त्या लसीचं माहितीपत्रक मागा. तुमच्या कुत्रीला ज्या प्रकारे ती दिली त्यासाठी त्यात तीन वर्षं असतील, तर तसं लेटरहेडवर, आजच्या तारखेने, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि माहितीपत्रक जोडा. मग खंड पडलाच नाही असं म्हणता येईल. प्रवासाचा आरोग्य दाखला देणारा सरकारी पशुवैद्य ते मान्य करेल की नाही याची हमी मी देत नाही. मुदत 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी त्याला स्वतःच्या सहीने भरायची असते, आणि खाजगी डॉक्टरच्या भरवशावर सही करायला तो नाखूश असेल तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

माहितीपत्रकात एकच वर्ष निघालं, तर वाद संपला. आता फक्त दिवस मोजायचे.

त्यात एक दिलाशाची गोष्ट आहे, जी एजंटने सांगितलेली दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की पुन्हा लस, मग महिना, मग तीन महिने, म्हणजे सप्टेंबर उजाडेल. नाही. १९ फेब्रुवारीची लस हीच नवी पहिली लस. तिला ३० दिवस कधीच होऊन गेले. नवी लस नको, रक्त काढा. समजा १२ मेला काढलंत, तर १२ ऑगस्टनंतर भुरी जाऊ शकते. तीन महिने रक्त काढल्यापासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नाही.

आणि हेही ऐकून ठेवा. हेच रक्त २२ मार्चला काढलं असतं, तर भुरी तुमच्याबरोबर २४ जूनच्या विमानात बसली असती. नोकरीचं पत्र तुम्हाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं होतं. व्हिसासाठी तुम्ही पदवीच्या प्रमाणपत्रांच्या नोटरी केलेल्या चार-चार प्रती काढल्यात, पण लसीकरण पुस्तिकेचं पान उलटून पाहिलं नाहीत.

क्वारंटाईनचं. तुमचे मामा ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतात. तिथे क्वारंटाईन हा प्रक्रियेचाच भाग आहे: मेलबर्नजवळ मिकलहॅमला सरकारी केंद्र आहे, जागा आधी आरक्षित करावी लागते, किमान मुक्काम दहा दिवसांचा. (त्या केंद्रात थेट भारतातून जाताच येत नाही, हे मामांनी सांगितलं नसेल.) युरोपचा हिशेब वेगळा. तिथे कागद पुरे असतील तर विलगीकरण नाहीच, आणि अपुरे असतील तर विलगीकरण ही तुमची सोय नसून त्यांची कारवाई आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या ५७६ क्रमांकाच्या विनियमात कलम ३५ वाचा. अटी न पाळता आलेला प्राणी परत पाठवायचा, किंवा अटी पूर्ण होईपर्यंत सरकारी देखरेखीखाली वेगळा ठेवायचा, आणि परत पाठवणं शक्य नसेल किंवा वेगळा ठेवणं व्यवहार्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून मारून टाकायचा. खर्च मालकाचा, भरपाई नाही. यातला पर्याय निवडणारा अधिकारी असतो, तुम्ही नाही. "खर्च आम्ही करू" हे वाक्य तिथे औदार्य ठरत नाही, ते आधीच तुमच्यावर लादलेलं आहे. शिवाय एवढ्या लांब प्रवेशाच्या दारापर्यंत पोचाल असंही धरू नका. विमान कंपनीच काउंटरवर अडवेल.

त्याच विनियमात कलम ३२ आहे. अपवादात्मक परिस्थितीत मालकाने आधी अर्ज केला आणि त्या देशाने परवाना दिला, तर जास्तीत जास्त सहा महिने देखरेखीखाली ठेवण्याच्या अटीवर प्राणी आणता येतो. पण ही वाट नैसर्गिक आपत्ती, राजकीय उलथापालथ अशा कारणांनी तडकाफडकी देश सोडावा लागणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून माणसं मांजरं-कुत्री कडेवर घेऊन निघाली तेव्हा अनेक देशांनी नियम सैल केले होते. नोकरीवर १ जुलैला रुजू होणं त्या रांगेत बसेल असं मला वाटत नाही. अर्ज करायला बंदी नाही, पण त्याच्या भरवशावर रक्त काढणं लांबवू नका. कलमांचे आकडे मी २०१३ च्या मजकुरातले दिलेत. युरोप हे सगळं २०१६ च्या प्राणी-आरोग्य कायद्याखाली नेतो आहे, तेव्हा अर्जात आकडा घालण्याआधी चालू मजकूर पाहा.

तारीख बदलण्याचं. हा प्रश्न तुम्ही लेखी विचारलात, यावर मी दोनदा चष्मा पुसला. भारतीय न्याय संहितेची कलमं २३४ आणि २३५ बघा: खोटा दाखला देणारा एक, आणि तो खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरणारा दुसरा. ओळखीच्या डॉक्टरांना पहिल्यात आणि स्वतःला दुसऱ्यात घालू नका. त्यावर परदेशी सीमेवर खोटा कागद दिल्याचं प्रकरण वेगळं. २०१५ मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची तेव्हाची पत्नी अँबर हर्ड खाजगी विमानाने दोन यॉर्कशायर टेरिअर ऑस्ट्रेलियात घेऊन गेले, प्रवेशपत्रिकेवर कुत्री जाहीर न करता. तिथल्या कृषिमंत्र्यांनी कुत्री परत न्या, नाहीतर मारू असा दम भरला. २०१६ मध्ये हर्डने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तो नेमका खोट्या कागदाचा. कुत्री बेकायदा आणल्याचे आरोप मागे घेतले गेले, खोट्या कागदाचा राहिला. तिला एक महिन्याच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. तुमच्या व्हिसाच्या फाइलवर असा शेरा पडला तर तो किती महिने टिकेल, ते तुम्हीच ठरवा.

आणि ती बॅच नंबरची चिकटपट्टी! ९ फेब्रुवारीच्या रकान्यात १९ तारखेच्या बाटलीचं स्टिकर किंवा दवाखान्याच्या नोंदवहीत वेगळी तारीख, एवढ्यावर पकडले जाल.

भावाची योजना वरून साधी दिसते, पण त्यात अट लपलेली आहे. पाळीव प्राण्याचा खाजगी प्रवास मालकाच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो, मागे किंवा पुढे. तुम्ही २४ जूनला गेलात आणि भुरी ऑगस्टमध्ये भावाबरोबर निघाली, तर ती वाहतूक व्यापारी नियमांत जाते: वेगळा आरोग्य दाखला, सीमेवरच्या तपासणी नाक्यातून प्रवेश, ऑनलाइन पूर्वसूचना. अशक्य नाही, पण काम आणि खर्च दोन्ही वाढतात. "मग कुत्री भावाच्या नावावर करू" असंही तुम्ही कंसात लिहिलंय. ते तर अजिबात नको. मालकी दुसऱ्याकडे देण्याचा हेतू नसणं, हीच खाजगी प्रवासाची व्याख्या आहे. भावाने नेऊन तुम्हाला परत दिली की व्याख्या मोडली.

म्हणून दोनच सरळ वाटा. एक, रुजू होण्याची तारीख ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुढे मागा. नोकरी देणारी कंपनी सहा आठवडे थांबूही शकते, विचारायला काय जातं? मात्र व्हिसावर प्रवेशाची शेवटची तारीख काय आहे ती आधी पाहा. दोन, जूनमध्ये जा आणि १२ ऑगस्टनंतर चार दिवसांची रजा काढून स्वतः परत या, भुरीला घेऊन स्वतः जा. मग प्रवास मालकाबरोबरचाच ठरतो. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, तेवढी खात्री करा. मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट धरली असती.

एजंटवर केस. करार ४ एप्रिलचा आहे, खंड फेब्रुवारीचा. जे नुकसान त्याच्या नेमणुकीआधी झालं ते त्याच्या माथी मारता येणार नाही. पण पैसे घेतल्यावर त्याने पाच आठवडे फाइल उघडलीच नाही, हे त्याच्या माथी नक्की येतं. ५ एप्रिलला त्याने सांगितलं असतं तर ५ जुलैनंतर निघता आलं असतं. तुमचा दावा त्या पाच आठवड्यांपुरता आहे आणि करारात 'कागदपत्रांची तपासणी' हे शब्द असतील तरच तो उभा राहतो. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत दुसरं पान नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, घाई नाही. कायद्यात लिहिलंय की प्रयोगशाळेची तपासणी लागणार नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. भुरीचे तीन महिने तीन महिन्यांतच संपतील. आयोगाचे तीन महिने मी संपताना पाहिलेले नाहीत. सध्या एक लेखी नोटीस पाठवून ठेवा, बाकी जर्मनीतून बघू.

रक्त काढायच्या दिवशी डॉक्टरांना आधी भुरीच्या चिपवर स्कॅनर फिरवायला सांगा. पडद्यावरचे पंधरा आकडे तुम्ही स्वतः वाचा, नमुन्याच्या फॉर्मवरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवा, मगच सुई. जाताना सरकारी आरोग्य दाखला प्रवेशाच्या वेळी दहा दिवसांपेक्षा जुना चालत नाही, त्यामुळे तो आत्ताच मागायला धावू नका. आणि एक वर्षाची लस असेल तर पुढचा बूस्टर येत्या १८ फेब्रुवारीच्या आत. तेव्हा तुम्ही तिथे असाल आणि बर्फ पडत असेल, तरी.