पाच-सहा डुकरं पिकअपमध्ये चढवायला काय साहित्य लागेल?

सगळ्यात आधी डुकरं वळवायला प्लायवूडची एक फळी करून घ्या. साधारण अडीच बाय तीन फूट, वरच्या कडेला हात घालायला दोन खाचा. डुकराला समोर भिंत दिसली की ते वळतं. पण फट दिसली की तिथेच मुसंडी मारतं. म्हणून फळी गुडघ्याला टेकवून, जमिनीला लागून धरा. माझ्याकडे आहे तिला खाली जुन्या टायरची पट्टी ठोकलीय, त्यामुळे कड झिजत नाही.

दुसरा खर्च रॅम्पचा. चढ २० अंशांच्या आत ठेवा, आडव्या पट्ट्या मारा आणि दोन्ही बाजू पत्र्याने पूर्ण बंद करा. जाळी नको, बाहेरची हालचाल दिसली की जनावर बिचकतं. वर थोडा भुसा टाका. गाडीच्या आत उजेड हवा, डुकरं अंधारात पाय टाकत नाहीत.

काठी आणि करंटचा दांडा कृपा करून वापरू नका. घाबरलेलं डुक्कर मागे फिरतं, वर मांसाची प्रतही बिघडते. त्याऐवजी खुळखुळा वाजवा, बाटलीत खडे घातले तरी चालतं. आणि पहाटे गारव्यातच भरा, डुकरांना घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे ऊन सोसत नाही.