आधी ओटा मोकळा करा, ट्रॉल्यांचं मग बघू

प्रश्न : ताई, आम्ही पाथर्डी फाट्याला वन बीएचकेत राहतो. किचन जेमतेम ८ बाय ७, एल शेपचा ओटा, खाली कडप्प्याचे कप्पे. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. पंचवटीतलं जुनं घर सोडताना सासूबाईंनी पितळेची भांडी सगळी सोबत आणली, त्यात निफाडहून भाऊ दर उन्हाळ्यात कांद्याची गोणी पाठवतो. पोळ्या लाटायला पण जागा उरत नाही. मिस्टर म्हणतात ट्रॉल्या करून टाकू. करू का?

उत्तर : ट्रॉल्या लगेच नको. आत्ता केल्या तर आहे तोच पसारा ट्रॉलीत जाईल आणि ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनलसाठी दोन्ही बाजूंनी जागा जाईल ती वेगळीच. आधी सिंक आणि गॅसच्या मध्ये दोन-अडीच फूट ओटा सलग मोकळा करा, तिथे पोळपाट नि विळी सोडून काहीही ठेवायचं नाही. मिक्सर रोज लागत असेल तर कोपऱ्यात राहू द्या, पण टोस्टर, राइस कुकर, सणावाराला निघणारी मोठी कढई यांचं ओट्यावर काय काम?

मग कामाप्रमाणे सामान एकत्र करा. कणकेचा डबा, परात, पोळपाट-लाटणं, तवा एका जागी. चहा-साखर, आलं किसायची किसणी, गाळणं एका जागी, आणि सकाळचा चहा सासूबाई करत असतील तर ते त्यांचा हात स्टूलाशिवाय पोचेल अशा फळीवर हवं, तुमच्या उंचीने ठरवू नका. रोजचं कंबर ते डोळे एवढ्या पट्ट्यात, जड ते खाली, हलकं वर. फक्त मिसळणाचा डबा आणि तेल गॅसच्या बरोब्बर वरच्या कप्प्यात नको, वाफेने मसाल्याचा वास जातो.

आता कडप्प्याचे कप्पे, खरी जागा इथेच वाया जाते. कप्पा साधारण दोन फूट खोल असतो, मागे गेलेला डबा दिवाळीच्या साफसफाईलाच दिसतो, आणि डब्यांच्या वर हातभर नुसती हवा. मागच्या अर्ध्या भागात एक उंच स्टँड ठेवा म्हणजे मागची रांग वर येते आणि पुढच्या डब्यांवरून दिसते. पुढे आयताकृती जाळीच्या टोपल्या, पूर्ण ओढून बाहेर काढता येतील अशा, झाली तुमची ट्रॉली. विकत घ्यायच्या आधी टेपने कप्प्याची रुंदी, खोली आणि उंची मोजा, सिंकखालचा पाइप हिशेबात धरून. झाकण्या नि ताटल्या आडव्या रचू नका, ताटाळ्यात उभ्या लावा, एक काढताना दहा वाजणार नाहीत.

सिलिंडरबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. तो उभाच हवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, आणि त्या कप्प्याला दार लावलंच तर खालच्या बाजूला जाळी पाहिजेच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. नळी ट्रॉलीमागे दडपू नका, रोज नजरेस पडली पाहिजे.

पितळेची भांडी मोडीत घालायचं सासूबाईंना न विचारता मनातही आणू नका, त्यांचं अर्धं आयुष्य त्यात आहे. परात रोज कणकेला काढा, मस्त मळता येतं. घंगाळात कळशी, कळशीत तांबे असं एकात एक घालून पलंगाखाली ठेवा, माळ्यावर नको, उतरवताना कुणाच्या तरी पायावर पडेल.

कांदे किचनमध्ये ठेवूच नका. भावाकडे कांदाचाळ बघितली असेल ना, जमिनीपासून वर उचललेली, चारी बाजूंनी वारा. तेच घरी करायचं : गॅलरीत सावलीत, विटांवर जाळीचे दोन क्रेट, थर उथळ. उन्हाळ कांदा असा काही महिने टिकतो, पावसाळ्यात मात्र आठवड्याला हात फिरवून नासका वेगळा काढा. बटाटे शेजारी नको, दोन्ही लवकर खराब होतात.

महिनाभर असं वापरून बघा, मग खरंच अडतंय ती एखादी ट्रॉली करा. सिंकजवळची तर लाकडी नकोच, ओल लागून फुगते.

प्रश्न : सिडकोत छोटं घर आहे. वर्षाचे गहू भरावेत का? मागच्या वर्षी कोठीत किडे झाले.

उत्तर : ती कोठी सोडून पाय ठेवायलाही जागा नसेल तर दोन-तीन महिन्यांचेच आणा, गिरणी जवळ असतेच. भरणारच असाल तर कडक उन्हात वाळवलेले गहू रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम गहू बंद केले की आत दमटपणा धरतो आणि तिथूनच कीड सुरू होते. कडुनिंबाचा पाला घालायचा तोही सुकवलेला, आणि कोठी भिंतीला चिकटवून न ठेवता खाली फळी घाला.