धाप लागते म्हणून चालणं सोडू नका

प्रश्न : आईला (वय ६४) सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. आता दहा पायऱ्यांतच धाप लागते, म्हणून तिने चालणंच सोडलंय. चालवावं का?

उत्तर : चालवाच. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू रोडावतात, मग तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप दिला असेल, तर त्यांना विचारून चालण्याच्या १५ मिनिटं आधी घ्यावा. सुरुवात सपाट जागी, ५ मिनिटं, दिवसातून दोनदा; जमलं की तीन-चार दिवसांनी एकेक मिनिट वाढवा. धाप लागणारच, पण छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे.

जिना बहुतेक जण श्वास रोखून चढतात, तिथेच फसतं. उभं राहून नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडत एक-दोन पायऱ्या चढायच्या. थांबल्यावर कठड्याला हात टेकून थोडं पुढे वाकावं.

ऑक्सिमीटरवरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) आकडा ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर थांबा (बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो). छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच डॉक्टर गाठा. बेडका वाढला किंवा हिरवा-पिवळा झाला, तर त्या दिवशी चालणं नको, आधी डॉक्टरांना फोन.